ग्लेन रॉयचे तीन रस्ते

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात रॉय नावाची एक छोटी नदी आहे. तिच्या दरीचं नाव ग्लेन रॉय. दरीतून वर जाणाऱ्या रस्त्यावर प्रवाशांना थांबून पाहता यावं म्हणून एक जागा केलेली आहे. तिथे उभं राहिलं की डोंगरउतारावर एकाखाली एक अशा तीन आडव्या रेघा दिसतात. डोंगर आत वळला की रेघाही वळतात, पण वर-खाली होत नाहीत. दरीच्या दुसऱ्या बाजूलाही याच तीन रेघा, याच उंचीवर! समुद्रसपाटीपासून साधारण ३५०, ३२५ आणि २६० मीटर.

जवळून पाहिलं तर या रेघा म्हणजे उतारात कोरलेल्या, काही मीटर रुंदीच्या सपाट पायऱ्या आहेत. लोक त्यांना ‘रस्ते’ म्हणत. फिंगल नावाच्या दंतकथेतल्या वीराने शिकारीसाठी ते बांधले, अशी समजूत होती.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं, की काठच्या टेकड्यांवर जुन्या पातळ्यांच्या खुणा उघड्या पडतात. ते पाहिलेल्या कोणालाही इथे कधीतरी पाणी साठलं असणार असंच वाटेल. जॉन मॅकलोक आणि थॉमस लॉडर डिक या अभ्यासकांनी १८१७-१८च्या सुमारास हेच मांडलं. रेघा म्हणजे जुन्या तळ्याचे काठ. पण मग तळं अडवणारा बांध कुठे गेला? एवढी दरी अडवायची तर बांधही डोंगराएवढा हवा. त्याचा मागमूसही नव्हता.

जून १८३८मध्ये २९ वर्षांचा चार्ल्स डार्विन इथे आला आणि आठ दिवस दरीत फिरला. दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात चिलीच्या किनाऱ्यावर त्याने समुद्रातून वर उचलल्या गेलेल्या पायऱ्या पाहिल्या होत्या. १८३५च्या भूकंपात तिथली जमीन उचलली गेल्याच्या खुणाही पाहिल्या होत्या. त्याचा युक्तिवाद सरळ होता. सपाट काठ पाण्यानेच कोरले. पाणी तळ्याचं असेल किंवा समुद्राचं. बांध नाही, म्हणजे तळं नाही. उरला समुद्र! पायऱ्यांवर समुद्री शंख-शिंपले सापडत नव्हते, पण ते पावसाच्या पाण्यात विरघळले असतील, असं त्याने म्हटलं. १८३९मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला.

पुढच्याच वर्षी, १८४०मध्ये, लुई आगासी हा स्विस शास्त्रज्ञ ग्लेन रॉयला आला. युरोपचा मोठा भाग एके काळी बर्फाखाली होता, ही कल्पना त्याने १८३७मध्ये मांडली होती. आल्प्समध्ये आलेच हिमनदीच्या कडेला बर्फाने अडवलेलं तळं त्याच्या पाहण्यातलं होतं. त्याला उत्तर लगेच सुचलं. बांध होता, पण तो बर्फाचा होता. बर्फ वितळला, बांध गेला!

हिमनद्या डार्विनला अनोळखी नव्हत्या. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला त्याने त्या स्वतः पाहिल्या होत्या. १८४२मध्ये वेल्सच्या डोंगरांतल्या हिमनद्यांच्या खुणा त्याने ओळखल्या आणि त्यावर लिहिलंही. पण ग्लेन रॉयचा समुद्र सोडायला त्याचं मन तयार होईना.

एक प्रश्न मात्र उरला होता. रेघा नेमक्या याच उंचीवर का? धरणात पाणी सांडव्याच्या पातळीपर्यंत चढतं, त्यापुढे वाहून जातं. मग या तळ्याचे सांडवे कुठे होते? मधल्या रेघेच्या उंचीची खिंड डेव्हिड मिल्नने १८४७मध्ये दाखवली. पुढे थॉमस जेमिसन या स्कॉटिश भूशास्त्रज्ञाने संपूर्ण परिसर पाहिला. प्रत्येक रेघेच्या उंचीला एक खिंड होती. बर्फ पुढे सरकला की खालची खिंड बंद होई आणि पाणी वरच्या खिंडीपर्यंत चढे. बर्फ मागे हटला की पातळी पुन्हा उतरे. जेमिसनचा निबंध १८६३मध्ये आला, पण त्याची निरीक्षणं डार्विनला १८६१मध्येच पत्रातून कळली होती. आपला निबंध म्हणजे एक प्रचंड चूक होती, असं डार्विनने मित्राला कळवून टाकलं.

आज आपल्याला माहीत आहे, की हा बर्फ सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या थंडीच्या काळातला. तळ्याच्या तळाशी दरवर्षी बसलेले गाळाचे थर मोजून ते सुमारे ५०० वर्षं टिकलं असावं, असा अंदाज आहे.

डार्विनची निरीक्षणं खोटी नव्हती. मातीचा वा दगडाचा बांध खरोखरच नव्हता. चूक होती ती एकेक पर्याय वगळून उरलेला खरा मानण्यात. आत्मचरित्रात त्याने ही चूक मोकळेपणाने सांगितली आहे आणि या पद्धतीवर पुन्हा विसंबायचं नाही, हा धडा घेतल्याचंही लिहिलं आहे.

आपले विद्यार्थी बहुपर्यायी प्रश्न असेच सोडवतात. तीन पर्याय खोडले की चौथा बरोबर. परीक्षेत हे चालतं, कारण बरोबर उत्तर दिलेल्या चारांतच असतं. निसर्ग मात्र अशी हमी देत नाही. ग्लेन रॉयचं चित्र फळ्यावर काढा, मुलांना कारणं सुचवू द्या आणि यादीच्या शेवटी एक ओळ मुद्दाम कोरी ठेवा. १८३८मध्ये बर्फाची जागा तिथेच होती.