बटाल्याचा जुना खराद: घ्यावा की भंगारात जाऊ द्यावा?

ईएमईमधून निवृत्तीला आलेल्या मराठी जवानाच्या डोक्यात हा विचार एकदा तरी येतोच. पठाणकोट-अमृतसर पट्ट्यात पोस्टिंग असेल तर जरा जास्तच. बटाल्यात एखाद्या बंद पडलेल्या कारखान्यातला लेथ स्वस्तात मिळतोय, ट्रकवर टाकायचा, गावी न्यायचा, दुरुस्त करायचा आणि एमआयडीसीच्या कडेला छोटं वर्कशॉप टाकायचं. कम्युटेशनचे पैसे हातात असतात आणि हात सवयीचे असतात. पण त्या यंत्रावर पैसे लावण्याआधी ते ज्या गावाचं आहे, त्या गावाचा इतिहास ऐकून घ्या. सौद्याचं निम्मं उत्तर तिथंच आहे.

बटाला गुरदासपूर जिल्ह्यात, अमृतसर-पठाणकोट रेल्वेवर. जवळच घुमान आहे. नामदेव महाराजांचं ते ठिकाण, २०१५ साली ८८वं मराठी साहित्य संमेलन झालं तेच. संमेलनामुळे घुमान आपल्याला ठाऊक झालं, पण शेजारचं बटाला मात्र लोखंडाचं गाव म्हणून आपण फारसं ओळखत नाही. अठराव्या शतकात हा मुलूख जस्सासिंग रामगढिया यांच्या मिसलीकडे होता. त्यांचं नाव लावणारा रामगढिया समाज सुतार-लोहारांचा. पंजाबातल्या छोट्या कारखानदारीत या समाजाचा हात मोठा. पंजाबीत लेथला खराद म्हणतात, चालवणाऱ्याला खरादिया. आपल्याकडचा कातारी लाकूड कातायचा, इथला लोखंड कातू लागला.

१९३२ साली चौधरी मोहम्मद लतीफ यांनी इथे बटाला इंजिनिअरिंग कंपनी, म्हणजे 'बेको', सुरू केली. पुढे दुसरं महायुद्ध आलं. विलायतेहून यंत्रं येणं अवघड झालं आणि देशी लेथला मागणी आली. आपल्या किर्लोस्करांचा हरिहरचा लेथ कारखानाही १९४१चा, त्याच काळातला.

मग १९४७. ३ जूनच्या तात्पुरत्या विभागणीत गुरदासपूर जिल्हा पाकिस्तानच्या बाजूला दाखवला होता. रॅडक्लिफचा निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. शकरगड तहसील पलीकडे गेली. बटाला, गुरदासपूर आणि पठाणकोट भारतात राहिले. आपलं गाव पाकिस्तानात जाणार म्हणून निश्चिंत असलेल्या माणसांना एकाएकी घर सोडावं लागलं. बिडाचं यंत्र बैलगाडीत घालून पळता येत नाही. लतीफ लाहोरला गेले. इकडे मागे राहिलेली मालमत्ता सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली आणि पश्चिम पंजाबातून सर्वस्व टाकून आलेले हिंदू-शीख कारागीर इथल्या भट्ट्यांपुढे उभे राहिले.

पुढं काय झालं ते महत्त्वाचं. लतीफ यांनी लाहोरच्या बदामी बागेत बेको पुन्हा उभी केली, इतकी मोठी की १९७२ साली भुत्तो सरकारने ती राष्ट्रीयीकृत केली. ती पुढे 'पेको' झाली आणि पूर्वीचा जोर ओसरला. इकडे बटाल्यात ओतकाम आणि लेथ, शेपर, ड्रिल बनवण्याचा धंदा निर्वासितांच्या हातून वाढला. यंत्रं होती तिथंच राहिली, कसब सीमा ओलांडून दोन्हीकडे गेलं, आणि धंदा जिकडे कसब गेलं तिकडे उभा राहिला. जुनं यंत्र घेताना पहिला प्रश्न म्हणूनच यंत्राबद्दल नसतो. ते उभं करणारा हात तुमच्या गावी आहे का? बटाल्यात गिअर मोडला तर गल्लीत ओतून, कापून मिळतो. सांगोल्यात किंवा पाटणला तो कोण देणार?

आता यंत्राकडे वळू. फौजेत आपण गाडी बीईआर ठरवतो, म्हणजे दुरुस्ती शक्य असते, पण परवडत नाही. तीच नजर इथं लावा.

लेथ सगळ्यात जास्त झिजतो चकजवळ, कारण बहुतेक काम तिथंच होतं. सॅडल चकजवळ आणून अंगासरशी आवळा आणि टेलस्टॉककडे ढकला. पुढे जाऊन ते जाम होऊ लागलं तर चकजवळचा बेड बसलेला आहे. स्पिंडलला डायल लावून लाकडी दांड्याने उचलून बघा. बेअरिंगची ढिलाई काढता येते, पण बेडला तडा किंवा वेल्डिंग दिसलं तर तिथूनच परत फिरा. क्रॉस स्लाइडचं हँडल मोकळं फिरतं म्हणून घाबरू नका. नट नवा करता येतो.

जुन्या साध्या लेथचा बेड बहुधा कडक केलेला नसतो. म्हणून तो लवकर झिजतो, आणि म्हणूनच तो निळा रंग लावून, उंचवटे शोधून हाताने स्क्रेप करता येतो. पण हे काम महिन्यांचं आहे. ग्राइंडिंग करून घेतलं तर सॅडल खाली बसतं आणि लीडस्क्रूशी मेळ पुन्हा जुळवावा लागतो. खर्च मोजताना ही बाब हमखास सुटते.

आणखी एक, चेंज गिअर मोजून घ्या. आपल्याकडे मेट्रिक मापं १९५६च्या कायद्याने आली आणि १९५८पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याआधीच्या आणि नंतरच्याही कित्येक लेथचा लीडस्क्रू इंचाचा आहे. त्यावर मेट्रिक आटे अचूक पाडायला १२७ दात्यांचं गिअर लागतं, कारण २५.४ला पाचने गुणलं की १२७ येतात. ते गिअर संचात नसेल तर ते करून घ्यायचा खर्च किमतीत मिळवा.

मग कागदावर चार आकडे मांडा: किंमत, गावापर्यंतचं भाडं, दुरुस्ती, आणि यंत्र बंद असतानाच्या महिन्यांचा घरखर्च. चौथा आकडा पेन्शनमधून निघणार असेल, आणि तुम्ही स्वतः स्क्रेपर धरलेला असेल, तर घ्या. स्क्रेपिंग येत नसेल आणि पहिल्या महिन्यापासून जॉब हवे असतील, तर तोच पैसा चालू स्थितीतल्या, अलीकडच्या यंत्रात घाला. नुसत्या स्वस्ताईवर सौदा करू नका. लतीफ यांनी लाहोरला पुन्हा कारखाना उभा केला तो हातातल्या विद्येवर.

जय हिंद.