गुन्हेगारी-परावृत्ती, तरुणांमधील

गुन्हे करणारी व्यक्ती ते करणे थांबवते आणि पुढेही त्यांपासून दूर राहते, या प्रक्रियेला गुन्हेगारी-परावृत्ती म्हणतात. ती मोजणे अवघड असते, कारण सुधारलेला माणूस आणि पोलिसांना न सापडलेला गुन्हेगार कागदोपत्री सारखेच दिसतात.

गुन्ह्यांकडे कल तारुण्यात शिगेला पोचतो व पुढे ओसरतो, हे बेल्जियन सांख्यिक केतले याने १८३१ मध्ये दाखवले. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये किशोरवयापुरते वाहवणारे बहुसंख्य आणि लहानपणापासून आयुष्यभर त्याच वाटेवर राहणारे थोडे, असा भेद केला. बोस्टनच्या ५०० बालगुन्हेगारांची माहिती ग्लूक दांपत्याने जमवली होती. लाउब व सॅम्पसन यांनी त्यांच्यापैकी अनेकांचा सत्तरीपर्यंत माग काढला. स्थिर नोकरी, लष्करातील सेवा व विवाह ही वळणे त्यांना महत्त्वाची आढळली. दोनाचे चार हात झाले की पोरगा ताळ्यावर येतो, ही आपल्याकडची समजूत यातून अर्धीच खरी ठरते : बदल घडतो तो पतिपत्नींत जिव्हाळा असेल तर, निव्वळ अक्षता पडल्याने नव्हे.

भारतात १९५८ च्या परिवीक्षा (कैदेऐवजी देखरेखीखाली मोकळे ठेवण्याच्या) कायद्यातील कलम ६ नुसार, जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात २१ वर्षांखालील दोषी व्यक्तीला कैद द्यायची तर न्यायालयाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल विचारात घ्यावा लागतो व कारणे नोंदवावी लागतात. मुंबई प्रांताने १९२९ मध्येच १६ ते २१ वयोगटासाठी बोर्स्टल शाळांचा, म्हणजे तरुण गुन्हेगारांच्या सुधारगृहांचा, कायदा केला होता. नाशिकचे किशोर सुधारालय त्याच धर्तीवरचे.

रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात स्थलांतराचा मुद्दा कळीचा ठरतो. येथील मुले पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला चाकरीस जातात. तेथे गावकऱ्यांच्या खोलीत राहिले तर जुनी संगत सुटते आणि ओळखीच्यांचा धाकही राहतो. कॅटरिना वादळानंतर (२००५) लुइझियानातील सुटलेल्या कैद्यांपैकी जे आपल्या मूळ परगण्यात परतले नाहीत ते पुन्हा तुरुंगात जाण्याचे प्रमाण कमी होते, असे डेव्हिड कर्क यांना आढळले. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खालील तडीपारीनेही माणूस परिसरापासून दूर जातो, पण त्याला काम किंवा नाते मिळवून देण्याची तरतूद त्यात नाही. हद्दपारीची कमाल मुदत दोन वर्षे असते.