सजग आत्मजाणीव आणि मेंदूची घडण

शरीरातील संवेदना व मनात उठणारे विचार यांकडे तटस्थपणे पाहणे म्हणजे सजग आत्मजाणीव. महाराष्ट्रात या साधनेचे प्रमुख केंद्र म्हणजे इगतपुरीचे धम्मगिरी. ब्रह्मदेशात ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले. १९७६ मध्ये धम्मगिरीची स्थापना झाली. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात साधक मौन पाळून प्रथम श्वासाचे व नंतर संवेदनांचे निरीक्षण करतात.

या साधनेने मेंदू बदलतो काय? २००५ मध्ये सारा लाझार यांना अनुभवी साधकांच्या मेंदूत, शरीराची जाणीव व एकाग्रता यांच्याशी निगडित भागांचा बाह्यस्तर अधिक जाड आढळला. २०११ मध्ये आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमानंतर स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्येही बदल नोंदवला गेला. मात्र हे दोन्ही अभ्यास मोजक्या व्यक्तींवर झाले होते. २०२२ मध्ये दोनशेहून अधिक व्यक्तींवर प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आठ आठवड्यांत मेंदूच्या रचनेत असा बदल दिसला नाही.

याचा अर्थ साधना निरुपयोगी आहे, असा नव्हे. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांच्या आढाव्यात ध्यानाने चिंता, नैराश्य व वेदना काही प्रमाणात कमी होतात, असे दिसून आले. तेव्हा मेंदू पालटण्याच्या घाईने नव्हे, तर मनःस्वास्थ्यासाठी नियमित साधना करावी. तीव्र मानसिक विकार असल्यास मात्र आधी मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा आणि चालू औषधे परस्पर बंद करू नयेत.