बडोद्याचे कलाभवन आणि उद्यमविद्या

अभियांत्रिकीच्या पदवीवर्गांत हल्ली उद्योजकता हाही एक विषय म्हणून शिकविला जाऊ लागला आहे. हा विचार आपल्याकडे अगदीच नवा आहे, असे मात्र आम्हांस वाटत नाही. 1890 साली श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी बडोद्यास कलाभवन स्थापिले, तेव्हा तो तेथे मुळातच होता.

त्या संस्थेचे सूत्रधार प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनाचे एम. ए. आणि कुळाने सुतार. ज्या हातांनी आपल्या देवळांचे रथ व सभामंडप घडविले, त्या जातीचा हा पुरुष प्रयोगशाळेत शिरला, ही गोष्ट लहान नव्हे. युरोपातील कृत्रिम रंगांनी येथील रंगाऱ्यांचा धंदा बुडत चालला होता. म्हणून रंगकामास कलाभवनात मानाचे स्थान मिळाले. शिक्षण देशी भाषेतून, म्हणजे गुजरातीतून. पाठ्यग्रंथांसाठी महाराजांनी 50,000 रुपये मंजूर केले. कारागिराच्या मुलास इंग्रजी येत नाही एवढ्यावरून त्यास विद्येच्या दारातून परत पाठवावयाचे नाही, हा त्यातील न्याय आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. (आमच्या न्यायालयांस तो अजून पुरता उमगलेला नाही!)

गज्जरांनी 1896 साली बडोदे सोडले आणि मुंबईस स्वतःची रसायनशाळा काढली. पगारी प्राध्यापकाने स्वतःच्या हिमतीवर धंद्यात उडी घ्यावी, याहून प्रत्यक्ष पाठ विद्यार्थ्यांस कोणता मिळणार? त्यांचे शिष्य कोटीभास्कर व अमीन यांनी गुरूंच्या साहाय्याने 1907 साली अलेम्बिक हा रसायनांचा व औषधांचा कारखाना उभारला. दादासाहेब फाळके हेही कलाभवनाचेच विद्यार्थी. 1913 साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तोही पदरचा पैसा व घरच्या माणसांचे कष्ट ओतून.

अर्थात कलाभवनातून बाहेर पडलेला प्रत्येक जण कारखानदार झाला नाही. पुष्कळांनी गिरण्यांत नोकऱ्या धरल्या, आणि त्यात उणे काहीच नाही. परंतु भांडवल कोठून आणावे, कच्चा माल कोठला, गिऱ्हाईक कोण, हे प्रश्न कार्यशाळेतच पडावे लागतात. नुसत्या व्याख्यानांनी ते पडत नाहीत. नव्या अभ्यासक्रमांचे कर्ते कार्यशाळेला किती तास देतात, हे आम्ही प्रथम पाहू. कलाभवन स्वतः 1949 साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात विलीन होऊन त्याची अभियांत्रिकी विद्याशाखा बनले.