राजधानी अचलपूर आणि बाजारपेठ अमरावती : वऱ्हाडातील शहरांच्या स्वभावाचा एक तुलनात्मक विचार

प्रस्तावना

राजधानीचे शहर इतर शहरांहून वेगळे असते, हे विधान इतक्या सहजपणे केले जाते की ते वेगळेपण नेमके कशात असते याची चिकित्सा क्वचितच होते. वाडे, वेशी, मशिदी, मंदिरे आणि बागा ही राजधानीची दृश्य लक्षणे होत. तिचा स्वभाव मात्र शहरात पैसा कोठून येतो आणि तो कोण खर्च करतो, यावरून ठरतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. या दृष्टीने वऱ्हाड प्रांताचे उदाहरण लक्षणीय आहे. येथे राजसत्तेचे ठिकाण एक आणि व्यापाराचे ठिकाण दुसरे अशी स्थिती दीर्घकाळ राहिली. त्यामुळे अचलपूर, अमरावती आणि अकोला या शहरांची तुलना प्रस्तुत लेखात केली असून नागपूरचा विचार संदर्भापुरता केला आहे.

अचलपूर : वसुलीवर जगणारे शहर

मुसलमानी अमलाच्या कागदपत्रांतील एलिचपूर म्हणजेच आजचे अचलपूर. तेराव्या शतकातच दख्खनमधील नामांकित शहरांत त्याची गणना होत होती. बहमनी सत्ता खिळखिळी झाल्यावर १४९० च्या सुमारास फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने वऱ्हाडात स्वतंत्र इमादशाही स्थापन केली आणि अचलपूर राजधानी झाले. याच सुमारास मलिक अहमदने स्वतःच्या नावाने अहमदनगर हे नवे शहर वसविले. इमादशाहांनी तसे काही केले नाही. त्यांनी जुने, नांदते शहर घेतले आणि संरक्षणाची भिस्त मेळघाटच्या डोंगरावरील गाविलगडावर ठेवली. दरबार मैदानात व बळ डोंगरावर, ही विभागणी अचलपूरच्या पुढील इतिहासात महत्त्वाची ठरली. शहर घेऊन भागत नसे. गड घ्यावा लागे.

१५७४ मध्ये निजामशाहीने इमादशाही बुडविली आणि १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. मोगलांच्या काळात सुभेदाराचे ठाणे बाळापूरकडे सरकले. पुढे निजामाच्या अमलात अचलपूरच्या नवाबांमुळे शहराला पुन्हा प्रतिष्ठा लाभली. हौज कटोरा, दुल्हा रहमान शाहांचा दर्गा आणि नवाबांच्या वास्तूंचे अवशेष आजही या वैभवाची साक्ष देतात. तथापि या वैभवाचा पाया कोणता होता? पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा सारा येथे येई आणि फौज, पागा, कारभारी व दरबारी मंडळी यांच्यावर खर्च होई. कारागीर आणि दुकानदार या खर्चावर पोसले जात. म्हणजेच शहराची भरभराट नवाबाच्या फौजेएवढी आणि वसुलीएवढीच होती.

१८०३ हे वर्ष येथे विशेष नोंदले पाहिजे. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगडाचा पाडाव, १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह. जेमतेम एका महिन्यात मध्य भारताच्या सत्तेचा निकाल अचलपूरच्या परिसरात लागला. परंतु या निकालात अचलपूरचा स्वतःचा शब्द कोठेही नव्हता.

अमरावती : व्यापाऱ्यांसाठी बांधलेला परकोट

अमरावतीच्या परकोटाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. १८०७ मध्ये निजाम सरकारने तो बांधावयास घेतला. त्यामागील हेतू येथील धनिक व्यापाऱ्यांचे पिंढाऱ्यांपासून रक्षण हा होता. राजाच्या संरक्षणासाठी उभारलेले कोट दख्खनमध्ये पुष्कळ आहेत; सावकार आणि आडत्यांच्या संरक्षणासाठी उभारलेला एवढा दगडी कोट विरळा. रेल्वे येण्यापूर्वी येथील कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. पुढे विलायतेच्या बाजारात वऱ्हाडी कापूस ‘ऊमरा’ या नावाने ओळखला गेला. ते नाव अमरावतीचेच. राजधानीचे नाव मात्र बाजाराने घेतले नाही.

१८५३ च्या करारान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपविले. त्यानंतर प्रांताची सर्वोच्च देखरेख हैदराबादच्या रेसिडेंटकडे होती आणि प्रत्यक्ष कारभार अमरावती व अकोला येथून चाले. म्हणजे या काळात वऱ्हाडास मुख्यालये होती, पण राजधानी नव्हती. हा भेद केवळ शाब्दिक नाही. राजधानीत उमराव येतो, मुख्यालयात वकील येतो. दादासाहेब खापर्डे, रंगनाथपंत मुधोळकर, मोरोपंत जोशी हे अमरावतीचे पुढारी तिन्ही वकील होते. १८९७ चे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले, ते याच वर्गाच्या बळावर.

१८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गाने अकोला, मूर्तिजापूर आणि बडनेरा ही स्थानके उदयास आणली. अकोल्याचा असदगड पूर्वीचाच होता, पण त्या शहराचा खरा विस्तार कापसाच्या गाठी आणि रेल्वे यांमुळे झाला. अमरावतीस बडनेऱ्याहून फाटा मिळाला. अचलपूर मुख्य मार्गापासून दूर राहिले. इंग्रजांनी आपल्या कचेऱ्याही जुन्या शहरात न ठेवता दोन मैलांवरील परतवाड्यात ठेवल्या.

जनगणनेचे आकडे येथे घाईने निष्कर्ष काढू देत नाहीत. १९०१ मध्ये अमरावतीची लोकसंख्या ३४,२१६, अकोल्याची २९,२८९ आणि अचलपूरची २६,०८२ होती. म्हणजे राजधानी उजाड झाली, हा सार्वत्रिक समज खरा नाही. माणसे राहिली होती. शहराचे काम गेले होते. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हाच मोडून अमरावतीत विलीन करण्यात आला.

नागपूरची गोष्ट वेगळी आहे. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताशी जोडला गेला आणि वऱ्हाडी माणसाची राजधानी नागपूर झाली. १९५६ मध्ये तेही पद गेले. १९५३ च्या नागपूर कराराचा आधार घेऊन तेथे विधिमंडळाचे अधिवेशन भरते, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. राजधानीपणाची सवय नागपूरने सोडलेली नाही, आणि स्वतंत्र विदर्भाच्या चर्चेत ती सतत डोकावते. अमरावतीस असे गमावण्यासारखे काही नव्हते. त्यामुळे १९५६ चा घाव तिला नागपूरइतका लागला नाही, असे मानावयास जागा आहे.

दर्यापूरच्या बाजूने

दर्या इमादशाहाच्या नावावरून दर्यापूर हे नाव पडले, अशी परंपरा सांगितली जाते. १९०५ पर्यंत हा तालुका एलिचपूर जिल्ह्यातच होता. विलीनीकरणानंतर येथील शेतकऱ्याच्या साऱ्याची व दाव्यांची कागदपत्रे अमरावतीस जाऊ लागली. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूर-अचलपूर हा अरुंद लोहमार्ग झाला. ‘शकुंतला’ या नावाने लोक ज्या गाडीस ओळखत, ती याच मार्गावरील. अचलपूर हे तिचे शेवटचे स्थानक. अंजनगाव आणि दर्यापूर वाटेवरची. पाचशे वर्षांपूर्वी या खोऱ्यातील सारा उत्तरेकडे, अचलपूरच्या दिशेने जात असे. लोहमार्ग आल्यावर दर्यापूरच्या कापसाच्या गाठी दक्षिणेकडे, मूर्तिजापूरच्या जंक्शनवर जाऊ लागल्या आणि तेथून मुंबईस.