पळसफुलातले पंधरा कार्बन

कर्जतहून खोपोलीकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती पळसदरीला. तिच्यातून जाणाऱ्या, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलामुलींच्या पिशवीत ऑरगॅनिकचे पुस्तक असते आणि ते बहुधा १८२८ सालापासून सुरू होते. त्या वर्षी व्होलरने प्राण्याच्या शरीराबाहेर, प्रयोगशाळेत युरिया बनवला. पुढे समघटकता, बेंझीन, अल्डॉल संघनन अशी प्रकरणे ओळीने येतात आणि हे सारे दूर जर्मनीत घडले, आपला त्याच्याशी परीक्षेपुरता संबंध, अशी समजूत पक्की होते. आपण आज वाट बदलू आणि पळसदरीच्या नावातच असलेल्या पळसापासून निघू.

फाल्गुनात पान नसलेल्या फांद्यांवर पळस फुलतो. त्याची फुले पाण्यात उकळून शिमग्याचा रंग करण्याची रीत फार जुनी. पिवळसर पाण्यात चिमूटभर चुना किंवा राखेचे पाणी पडले की रंग चढतो, गडद केशरी होतो. आधी तुरटीच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर तो धरतो. रंगाऱ्यांना हे सगळे हाताने ठाऊक होते. चुन्याने रंग का चढतो, याचे उत्तर मात्र फार उशिरा आणि फार लांबून आले.

त्यासाठी आपल्याला १८५६ सालात थांबावे लागेल. त्या वर्षी जीआयपी रेल्वेची गाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत धावू लागली. बोरघाटातला लोहमार्ग व्हायचा होता, तो १८६३ मध्ये खुला झाला. त्याच १८५६ च्या वसंतात लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवू पाहत होता. वय आजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांचेच. ॲनिलीनवर पोटॅशियम डायक्रोमेटची क्रिया करून त्याला मिळाला काळा गाळ, आणि त्या गाळातून निघाला जांभळा रंग, मॉव्ह. गंमत अशी की त्याचे ॲनिलीन शुद्ध नव्हते; त्यातल्या टोल्युइडीनच्या भेसळीवाचून तो रंग झालाच नसता. १८६५ मध्ये केकुलेने बेंझीनचे कडे मांडले, १८६८ मध्ये मंजिष्ठेतले अलिझरीन कृत्रिमरीत्या तयार झाले, १८९७ मध्ये जर्मन कारखान्याची नीळ बाजारात आली. वनस्पतिजन्य रंगांचा धंदा बसला.

आणि इथेच या कहाणीतले मला सर्वांत प्रिय वळण येते. ज्या पर्किनने कृत्रिम रंगांचा उद्योग सुरू केला, त्याच्याच मुलाने, आर्थर जॉर्ज पर्किनने, आयुष्याचा मोठा भाग वनस्पतींच्या रंगांना दिला. लीड्सला सहकारी हमेल यांच्याबरोबर त्याने पळसाच्या फुलांवर काम केले. तो निबंध १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. आजची यंत्रे तेव्हा नव्हती. पदार्थ जाळून कार्बन-हायड्रोजन मोजायचे, अल्कलीत वितळवून रेणूचे तुकडे करायचे, तुकडे ओळखून मूळ रेणू मनात जोडायचा. त्यांना दोन पदार्थ सापडले: रंगहीन ब्युटिन आणि नारिंगी ब्युटेइन. दोन्हींत १५ कार्बन, १२ हायड्रोजन, ५ ऑक्सिजन. ब्युटिनमध्ये मधले तीन कार्बन ऑक्सिजनसह कड्यात मिटलेले. चुन्यासारख्या अल्कलीने ते कडे उघडते, दुहेरी बंध तयार होतो आणि रेणूला रंग येतो. समघटकतेच्या प्रकरणाला याहून सुरेख उदाहरण मला माहीत नाही, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत ते नसावे याचे वाईट वाटते.

याच कुळातल्या फ्लॅव्होन रेणूंकडे जाणारी एक वाट १९३३-३४ च्या सुमारास लाहोरला के. वेंकटरामन यांनी शोधली. इंग्लंडमध्ये बेकर स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते, म्हणून ती अभिक्रिया बेकर-वेंकटरामन नावाने शिकवली जाते. १९३८ मध्ये वेंकटरामन मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे माटुंग्याच्या यूडीसीटीचे प्रमुख झाले. कृत्रिम रंगांवरचा त्यांचा द्विखंडी ग्रंथ १९५२ मध्ये निघाला आणि जगभर वापरला गेला. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

पुढे ॲनिलीनच पळसदरीच्या शेजाराला आले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सने पाताळगंगेकाठी रसायनीला नायट्रोबेंझीन आणि ॲनिलीनचे कारखाने उभारले. परिसरातल्या अनेक घरांत ऑरगॅनिक हा शब्द पगाराबरोबर आला. २०१७ मध्ये तिथले तोट्यातले कारखाने बंद करण्याचा निर्णय केंद्राने घेतला.

आज बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला बेंझाल्डिहाइड आणि ॲसिटोफिनोन अल्कोहोलमध्ये घेतात, थंड ठेवून सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घालत ढवळतात. द्रावण गढुळते, मग फिकट पिवळे चाल्कोन खाली बसते. त्याचा सांगाडा ब्युटेइनचाच, तेच पंधरा कार्बन; फक्त कड्यांवरचे चार हायड्रॉक्सिल गट नाहीत. ते आधीपासून अंगावर असलेले अल्डिहाइड आणि कीटोन घेतले, तर याच अभिक्रियेने पळसाच्या रंगापर्यंत जाता येते.