अंगणात आलेली शाळा

आपल्या खेड्यापाड्यांत एक तक्रार नेहमी कानी येते. ‘पोर शाळेत बसत नाही हो, काय करावे?’ बाप म्हणतो, पोरगं उनाड आहे. गुरुजी म्हणतात, घरच्यांचे लक्ष नाही. पण शाळेचेच काही चुकते आहे काय, असे सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न ज्यांनी विचारला, आणि त्याच्या उत्तरासाठी आयुष्य वेचले, त्यांची हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे.

ह्या हकीकतीची सुरुवात दूर इटलीत होते. रोम शहरातील सान लोरेंझो ह्या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसरी ह्यांनी एक बालगृह उघडले. आईबाप कामावर जात, आणि मागे राहिलेली मुले जिन्यात, भिंतींवर धुडगूस घालीत. बाईंनी त्या मुलांच्या इवल्या हातांना पेलतील अशी साधने त्यांच्यापुढे ठेवली. पाहतात तो काय, तीच मुले तासन् तास एका कामात रंगून जाऊ लागली! तेच काम पुन्हा पुन्हा करू लागली. मुलाची चुळबूळ म्हणजे खोडी नव्हे; त्याचे हात काम शोधीत असतात, ही गोष्ट त्यांनी जगापुढे ठेवली.

हा विचार आपल्या शेजारी भावनगरात रुजवला तो गिजुभाई बधेका ह्यांनी. हे मूळचे वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला. त्याला वाढवावे कसे, ह्याचा विचार करता करता माँटेसरीबाईंचे लेखन त्यांच्या वाचनात आले. १९१६ साली ते दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले, आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. तेथे छडी नव्हती. गोष्टी होत्या, गाणी होती, मातीकाम होते, नाटके होती.

१९२३ साली ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचे काम सोडून त्या आल्या होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९३६ साली ताराबाईंनी मुंबईस दादरला शिशुविहार काढले. काम नावारूपास आले. पण ती साधने महाग, आणि येणारी मुले बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरांतली. मग खेड्यातल्या गरिबाच्या पोराचे काय? हा सवाल ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

म्हणून १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली. पण गावाच्या कडेला राहणाऱ्या गरीब वस्तीतली मुले काही येईनात. तेव्हा ह्या बायांनी मुलांना बोल लावला नाही. त्या स्वतःच उठून वस्तीत गेल्या. एखाद्या घराचे अंगण झाडले, मुलांना न्हाऊ घातले, केस विंचरले, आणि तेथेच गोष्ट सुरू केली. ही अंगणातली बालवाडी! महागड्या साधनांच्या जागी शिंपले आले, खडे आले, बिया, पाने आणि काटक्या आल्या. लहानमोठे ओळखावयाला शिंपले, मोजावयाला चिंचोके. ह्याला पैसा कशाला लागतो?

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांच्या मुलुखात गेले. तेथे आणखी निराळी अडचण. मुलगा शाळेत येत नाही, कारण तो गुरे राखतो. मुलगी येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. मग जेथे गुरे चरत, त्या कुरणातच शाळा भरली. तिला नाव पडले कुरणशाळा. आणि कडेवरच्या बाळासाठी पाळणाघर निघाले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली, तिला विकासवाडी म्हणू लागले. बाळ पाळण्यात निजले, की ताई पाटीकडे मोकळी!

पुढे १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोचला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलाला मारणे वा त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी घातली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनची पायाभरणी शिक्षणात धरली. हे सारे चांगलेच झाले. पण ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘उनाड’ हे शिक्के आपल्या तोंडून अजून गेले आहेत काय? असा शिक्का एकदा बसला, की मूल स्वतःलाच तसे समजू लागते, आणि मग ते शाळेकडे पाठ फिरवते.

तेव्हा शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गातले एखादे पोर चार दिवस दिसले नाही, तर हजेरीपटावर फुली मारून थांबू नका. संध्याकाळी त्याच्या घरी जा. त्याला कशाने अडवले आहे, ते पाहा. गुरांनी, धाकट्या भावंडाने, की आपल्याच एखाद्या शब्दाने? आणि आईबापांनो, गुरुजी दारी आले, तर पोराची गाऱ्हाणी सांगत बसू नका. त्याला काय करावयाला आवडते, ते आधी सांगा. तेथून पुढची वाट दोघांना मिळून काढता येईल.